नवा कॅमेरा आणि सोलापूर : एका फेरीला एकच धडा

सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक टिपायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पहाटे उठून जागा धरली होती. नंदीध्वज आले, गर्दीतून "हर्र बोला हर्र" उठलं आणि मी चाळीसेक मिनिटं बोट उचललं नाही. शटर खटाखट वाजत होतं, फोटो पडद्यावर क्षणभर दिसतही होता. घरी येऊन झाकण उघडलं तर आत कार्डच नाही! ते आदल्या रात्री लॅपटॉपला लावलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही शटर चालतं. मेनूमध्ये 'कार्डशिवाय शटर' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. हे वाचून होताच तो बंद करून या, मग पुढचं वाचा.

मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. आठवडाभर नोकरी आणि रविवारी हिंडणं, एवढंच. भावानं त्याचा जुना डीएसएलआर दिला आणि सोबत १८-५५ची लेन्स. पहिलं वर्ष मी वाया घालवलं, कारण रात्री व्हिडिओ बघायचे आणि सकाळी त्यातलं सगळं एकाच फेरीत करून बघायचं. काहीच धड व्हायचं नाही. पुढं एक नियम केला : एका फेरीला एकच गोष्ट, आणि ती गोष्ट जिथं आपोआप शिकायला मिळेल अशी एकच जागा. आपल्या सोलापुरात अशा जागा हव्या तेवढ्या आहेत. दिवाळी झाली की सुरू करा. उजेड चांगला असतो, ऊन सोसवतं आणि गड्ड्यापर्यंत हात बसतो.

१. निघण्याआधी : काय लागतं, काय नाही

मोबाईल असला तरी खालचं निम्मं जमतं. त्यात 'प्रो' मोड (सगळं हातानं ठरवायची सोय) असेल तर निम्म्याहून जास्त. कॅमेरा जुना घेणार असाल तर दुकानातच तीन गोष्टी बघा. पहिली, एफ/१६ (म्हणजे लेन्सचं भोक, ॲपर्चर, लहान; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. दुसरी, लेन्समधून मोबाईलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ परत द्या. तिसरी, शटर किती वेळा चाललंय तो आकडा विचारा. दुकानदार "नव्यासारखा आहे हो" म्हणाला तर पुन्हा विचारा. मला एकानं असंच म्हणून एक लेन्स दिली होती. तिचं फोकसचं कडं महिन्याभरात अडकलं, आणि बिल नसल्यामुळं मला गप्प बसावं लागलं.

पिशवीत हे ठेवा :

– दोन कार्डं (एक कॅमेऱ्यात, एक पाकिटात) आणि दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या.
– रबरी फुंकणी आणि मऊ कापड. मुंबईकरांना बुरशीची धास्ती, आपल्याला धुळीची. लेन्सवरची धूळ आधी फुंकणीनं उडवा, मगच कापड लावा. आपल्या माळाची धूळ खरखरीत असते, नुसतं कापड फिरवलं की काचेवर ओरखडे उठतात.
– आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. वनविभागाच्या हद्दीत लागतं.
– कॅमेरा आणि लेन्सच्या अनुक्रमांकांचा फोटो आणि बिलाचा फोटो, दोन्ही मोबाईलमध्ये. चोरी झाली तर तक्रारीत अनुक्रमांक लिहावा लागतो.
– पाणी, टोपी आणि कडक भाकरीसोबत शेंगा चटणी. हसू नका, उपाशी माणूस सूर्योदयाची वाट बघत नाही, चहाच्या गाड्याकडे बघतो.

तिपाई पहिल्या तीन फेऱ्यांना नको. ड्रोनही नको. होटगी रोडला विमानतळ आहे, आणि ड्रोनचे नियम वाचल्याशिवाय ते उडवणं म्हणजे घरबसल्या अडचण ओढवून घेणं.

बायकांसाठी एक गोष्ट. पहाटे एकटीनं जाऊ नये असं मी सांगणार नाही, पण सुरुवातीला सोबत घ्या. माझ्याबरोबर माझी नणंद येते. तिला फोटोग्राफीत काडीचा रस नाही, पण मी डोळा कॅमेऱ्याला लावला की माझी पिशवी आणि मागून येणारी रिक्षा, दोन्हींकडे तिचं लक्ष असतं. "वन्सं, गाडी येतेय का?" एवढंच मी विचारायचं.

२. सिद्धेश्वर तलाव : उजेड मोजणं

पहिल्या फेरीत चांगला फोटो काढायचा नाही. कॅमेरा कुठं चुकतो ते बघायचं.

कॅमेऱ्याला रंग-रूप कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी राखाडी आहे असं धरून तो उजेड ठरवतो. म्हणून काळा दगड तो उगाच उजळवतो आणि पांढरं धोतर मळकट करतो. त्यावर उपाय म्हणजे अधिक-वजाचं चिन्ह असलेलं बटण. लक्षात ठेवायला सोपं आहे : पांढऱ्याला अधिक, काळ्याला वजा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. पांढरं जास्त चमकतंय म्हणून तो वजा करतो आणि फोटो आणखी काळवंडतो.

तर सूर्योदयाआधी पंधरा मिनिटं तलावाच्या काठी या. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेमध्ये सहाच्या आत. डायल 'ए'वर ठेवा, कॅननवाल्यांनी 'एव्ही'वर. एफ/८, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) २००. पाण्यातल्या मंदिराचा फोटो घ्या : एक शून्यावर, एक वजा १वर, एक अधिक १वर. दर दहा मिनिटांनी तेच तीन. जागा हलवायची नाही. तासाभरात अठरा-वीस फोटो होतील आणि सगळे एकाच चौकटीचे. घरी ओळीनं लावून बघितलेत की उजेड कसा सरकतो ते जे कळेल, ते कुणाच्या व्हिडिओत कळत नाही.

दिशा माहीत हवी. भुईकोट किल्ला तलावाच्या पश्चिमेला आहे. किल्ल्याच्या बाजूनं बघितलं तर सकाळी सूर्य मंदिराच्या मागून येतो आणि शिखराची नुसती काळी आकृती मिळते. त्याच जागी संध्याकाळी उभे राहिलात तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि मंदिर सगळं उजळलेलं. एकाच दिवसात दोन्ही बघा.

दुपारचा धडा घरातूनही होतो. लख्ख उन्हात एफ/१६, आयएसओ १०० आणि शटर १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग) ठेवलं की उजेड बरोबर येतो. फिल्मच्या काळापासूनचा हा हिशेब आहे. एफ/८ हवं असेल तर शटर १/४००. हा हिशेब पाठ असला की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर वेडंवाकडं सांगायला लागलं तरी तुम्ही फसत नाही. उन्हाळ्यात मात्र नऊनंतर माणसांचे फोटो काढू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सोलापुरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या उजेडात माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात.

सापळा : पाण्याच्या कडेला पायऱ्यांवर शेवाळ असतं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच हवा, मनगटावर गुंडाळून चालत नाही.

३. भुईकोट : चौकट

किल्ला संरक्षित स्मारक आहे. हातात कॅमेरा घेऊन फोटो काढले तर कुणी अडवत नाही, तिपाई उघडली की विचारणा होते. वेळ दारावर बघून घ्या.

इथं एकच करायचं : दरवाजाच्या कमानीतून किंवा झरोक्यातून पलीकडचं बघायचं आणि ती कमान चौकट म्हणून वापरायची. आतली भिंत काळी, बाहेर ऊन. अशा वेळी बाहेरच्या उजेडावर मीटर घ्या आणि कमान काळीच राहू द्या. तटाच्या सावल्या सकाळी लांब पडतात, त्यांची तिरकी रेघ फोटोच्या एका कोपऱ्यातून आत आली पाहिजे. बास. तासाभरात उरकून बाहेर या. कंटाळा आला की डोळा काम करत नाही. वाटेत वेळ असला तर महापालिकेच्या इंद्रभुवनसमोर थांबा आणि जवळ जाऊन कॅमेरा वर करण्याऐवजी मागं सरकून समोरून फोटो घ्या. कॅमेरा तिरका वर केला की इमारत मागं पडतेय असं वाटतं.

४. पूर्व भाग : यंत्रमाग आणि शटर

ही फेरी माझी सगळ्यात आवडती, म्हणून जरा सविस्तर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, देशभर नाव आहे. तरी ती विणली जाताना सोलापुरातल्याच किती जणांनी बघितलीय? मी चाळिशीपर्यंत बघितली नव्हती.

आधी परवानगी. गल्लीत शिरून खिडकीतून फोटो काढू नका. कारखान्याचा मालक असेल त्याला भेटा, काय आणि कशासाठी ते सांगा. त्यानं "या की" म्हटलं तरी काम संपलं नाही, मागावर उभ्या माणसालाही स्वतंत्र विचारा. मालकाचा होकार म्हणजे कामगाराचा होकार नव्हे. आत आवाज इतका असतो की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं बाहेरच उरकायचं. या भागात घराघरांत तेलुगू आहे. "अण्णा, फोटो तीयोच्चा?" (फोटो काढू का?) एवढं मी शिकून घेतलं. माझे उच्चार ऐकून माणसं हसतात आणि हसली की पुढचं सोपं होतं. आणखी एक, जॅकार्डची (नक्षी ठरवणारी, भोकं पाडलेली) कार्डं आणि मागावरची नवी नक्षी टिपण्याआधी वेगळं विचारा. नवं डिझाईन बाहेर जायला नको असतं, आणि त्यांचं ते बरोबरच आहे.

आता उजेड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५०० ठेवून ओळीनं दहा फोटो काढा : एक पिवळट, एक काळपट, एकावर आडवे पट्टे. मला वाटलं कॅमेरा बिघडला, तो घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानापर्यंत गेले होते! नळीच्या उजेडात शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. स्वस्त एलईडीचंही असंच असतं.

मग पळता धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) गोठवायचा कसा? दाराजवळच्या मागावर जा, जिथं बाहेरचा उजेड पडतो. तिथं १/५०० चालतं. आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा लागेल, करा. फोटोत दाणे आले तर येऊ देत.

खरा धडा मात्र हळू शटरचा आहे. १/१५वर या. धोटा सेकंदाला दीड-दोन वेळा इकडून तिकडे जातो, फणी मागंपुढं होते, वरची दोरखंडं थरथरतात. हे सगळं धूसर होतं. पण मागावरचा माणूस तार तुटतेय का हे बघत क्षणभर अगदी स्थिर उभा असतो. तो क्षण पकडलात की यंत्र धुक्यासारखं आणि माणूस स्पष्ट. तुमचा हात स्थिर राहिला पाहिजे. इथं सगळे फसतात, मीही फसले. हात हलू नये म्हणून मी खांबाला टेकले आणि सगळेच्या सगळे फोटो हलले. कारण तिथं खांबही थरथरत असतो, जमीनही. तिपाई लावली तर तोच प्रकार. कशालाही न टेकता उभं राहा, कोपरं छातीला चिकटवा, श्वास सोडता सोडता बटण दाबा. वीसात तीन फोटो बरे येतात. तीन पुरे.

सावधगिरी तेवढीच महत्त्वाची. पदर, ओढणी, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा, सगळं खोचून घ्या, कारण बाजूला पट्टे आणि चाकं फिरत असतात. फ्लॅश अजिबात नको. दचकून कुणाचा हात भलतीकडे गेला तर? आणि आत लेन्स बदलू नका. हवेत सुताचे तंतू तरंगत असतात, ते थेट सेन्सरवर जाऊन बसतात.

५. सात रस्ता : चालत्या रिक्षाबरोबर कॅमेरा फिरवणं

याला पॅनिंग म्हणतात. शटर १/३०, रिक्षा समोरून जाताना कॅमेरा तिच्या वेगानं फिरवत न्यायचा आणि मधेच बटण दाबायचं. दाबल्यावर थांबायचं नाही, कॅमेरा फिरताच ठेवायचा. रिक्षा स्पष्ट, मागची दुकानं रेघा-रेघांची. पन्नास रिक्षा घालवल्याशिवाय जमत नाही, त्यामुळं फुटपाथवर आरामात उभं राहता येईल अशी जागा निवडा. चौकात रिक्षा कुठूनही येते, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

६. संभाजी तलाव आणि नान्नज : लांबचं, जिवंत आणि न थांबणारं

जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. विजापूर रस्त्यावरचा हा तलाव पक्ष्यांच्या फोटोंची शाळा आहे. हिवाळ्यात सकाळी वारकरी (हे काळे पाणपक्षी), पाणकावळे, राखी बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या हमखास. ७०-३०० किंवा ५५-२५०ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लागते. शटर १/१०००, फोकस 'सतत' या प्रकारावर, आणि नेम पक्ष्याच्या डोळ्यावर. उडणाऱ्या पक्ष्याच्या मागं लागण्याआधी बसलेल्या बगळ्यावर महिनाभर हात साफ करा. तो तासन्‌तास हलत नाही, देवानं तुमच्यासाठीच ठेवलाय.

मग नान्नज. बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर. १९७९मध्ये घोषित झालेलं माळढोक अभयारण्य ते हेच. माळढोक दिसेल ही आशा मनातून काढून टाका. तो पक्षी देशभरातच नामशेष व्हायच्या काठावर आहे. पण काळविटांचे कळप आहेत, खोकड आहे, नशीब असेल तर लांडगा, हिवाळ्यात माळावर खाली-खाली तरंगणारे भोवत्या हे शिकारी पक्षी आणि गवतात दिसता दिसत नाहीत असे धाविक पक्षी.

कागदपत्रं : ओळखपत्र, वनविभागाची परवानगी आणि गाडीचा क्रमांक. शुल्क आणि वेळा बदलतात म्हणून आधी चौकशी करा. नेमून दिलेली वाट सोडू नका. गाडीतूनच फोटो काढा. गाडीला प्राणी फारसे बिचकत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की अख्खा कळप दिसेनासा होतो. खिडकीच्या काचेवर तांदूळ भरलेली छोटी उशी ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. इंजिन बंद, नाहीतर मागावरच्या खांबाचीच गत.

इथला मोठा सापळा उन्हाचा. फेब्रुवारी सरला की नऊनंतर माळ तापतो आणि जमिनीलगतची हवा पाण्यासारखी लवलवते. लांबच्या लेन्सनं काढलेला प्रत्येक फोटो मऊ येतो. लेन्स दोषी नसते, महागडी घेऊनही तेच होणार. जवळ असेल तेवढंच टिपा किंवा घरी जा. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणं, घरट्याजवळ जाणं, घरट्याची जागा सगळ्यांना सांगत सुटणं, हे करणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

७. गड्डा : गर्दी, रात्र आणि दारूकाम

संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. आता कार्ड आत आहे ना ते बघा. हो, पुन्हा बघा.

इथं आतापर्यंतचे सगळे धडे एकदम लागतात. बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेले मानकरी पांढरेशुभ्र, म्हणजे अधिक १. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात तेव्हा त्यांची उंची दाखवायची असेल तर गर्दीत शिरू नका, वाटेवर कुठंतरी ओळखीच्या घराचा पहिला मजला गाठा. गच्चीवरून ध्वज खुजे दिसतात. पहिल्या मजल्यावरून तुम्ही आणि नंदीध्वजाचा मधला भाग समोरासमोर येता. खाली सांभाळणाऱ्यांची ताणलेली मानही दिसते आणि वरचा शेंडाही चौकटीत मावतो.

संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला शटर १/८००च्या खाली नको. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" कानावर आलं की हजारो हात वर जातात आणि क्षणभर हवेत नुसत्या अक्षता. शब्द ऐकून मग कॅमेरा उचललात तर संपलं, तो आधीच डोळ्याला लागलेला हवा. सुदैवानं अक्षता एकदाच पडत नाहीत. पहिल्यांदा लय ऐका, पुढच्या वेळी दाबा.

होम मैदानावरच्या दारूकामाला आता तिपाई काढा. आयएसओ १००, एफ/११, शटर 'बल्ब'वर (बटण धराल तितका वेळ उघडं), दोन ते चार सेकंद. फोकस आधी लांबच्या एखाद्या दिव्यावर घेऊन मग हातानं चालवण्यावर टाका, नाहीतर अंधारात लेन्स घरघरत शोधत बसते आणि बाण विझून जातो. वारा पाठीमागून येईल अशी जागा धरा. पहिली पाच-सात मिनिटं आभाळ स्वच्छ असतं, त्यानंतर सगळा धूर. तिपाई वाटेत लावू नका. एका वर्षी एका आजोबांचा पाय माझ्या तिपाईत अडकला. ते पडले नाहीत, पण जे बोलले ते ऐकून मी आता भिंतीच्या कडेलाच लावते.

देवाच्या जवळ, होमाच्या जवळ जाण्याआधी तिथल्या मानकऱ्यांना विचारा. विचारलं तर बहुतेक वेळा तेच बरी जागा दाखवतात.

८. हत्तरसंग कुडल : तिरपा उजेड

यात्रेनंतरचा एखादा निवांत रविवार. भीमा आणि सीना मिळतात तिथं, दक्षिण सोलापुरात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. संगमेश्वर मंदिरातला शिलालेख शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. लेख तुळईवर कोरलेला आहे. समोरून फोटो काढला तर सपाट दगडच दिसतो, अक्षर लागत नाही.

सोबतच्या माणसाच्या हाती टॉर्च द्या आणि त्याला बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा उजेड पाडायला सांगा. कोरलेल्या खाचेत सावली भरते आणि अक्षरं उभी राहतात. नणंदेनं टॉर्च जरासा खाली-वर केला आणि "विजेया" हा शब्द एकाएकी दिसायला लागला, तेव्हा पहिल्यांदा तीच ओरडली, "वहिनी, हे तर मराठीय की!"

अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका. पूजा चालू असेल तर थांबा. इथली बहुमुखी शिवपिंडीही याच तिरप्या उजेडात बघा, तिच्यावरचे लहान-लहान चेहरे एकेक करून सुटे होतात.

९. घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात परत घालून तिथंच कोरं करा. कार्ड लॅपटॉपमध्ये विसरण्याचा रोग असाच बरा होतो. दोनशेतले दहा ठेवा. उरलेले पुसायला हात धजत नसेल तर आठवडाभर थांबा, मग आपसूक धजतो. ठेवलेल्या दहांपुढे वहीत शटर, ॲपर्चर आणि का ठेवला ते एका ओळीत लिहा.

आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना छापून द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो त्यांच्या इतर शंभर फोटोंत हरवतो. मी चार बाय सहाचा कागदावर छापते, मागं तारीख घालते आणि पुढच्या फेरीला नेऊन देते. पूर्व भागातल्या त्या कारखान्यात १/१५चा माझा आवडता फोटो मागावरच्या अण्णांना दिला. त्यांनी तो दाराशी, उजेडात नेला, डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता वा म्हणतील. ते म्हणाले, "ताई, इथं डावीकडं तार तुटलंय बघा. त्या दिवशी मला दिसलंच नव्हतं."